इंटरनेटचा फोटो

कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी न मागता साचतात. धूळ आणि किस्से. धूळ फडक्याने पुसता येते. किस्सा एक सांगायला घेतला की त्याच्यामागून आणखी दोन निघतात! परवा चहाच्या टपरीवर मित्र म्हणाले, “लिहून काढ रे एकदा सगळं.” म्हटलं, काढतो, पण कॉलेजचं नाव विचारायचं नाही. माझी नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची असते आणि दर वर्षी नवी काढायची की नाही, हे ज्यांच्या हातात आहे तेच लोक या किश्शांत आहेत.

मी मोखाड्याचा, नोकरी जव्हारला. आणि हे सगळे किस्से एकाच डेस्कटॉपचे. तो ऑफिसात खिडकीशेजारी बसतो आणि कॉलेजच्या वायफायला जोडला जात नाही. बस्स, एवढंच त्याचं दुखणं. पण प्राचार्यांची डिजिटल सही त्याच्यातच बसवलेली आहे. ती दुसऱ्या मशीनवर कशी हलवायची हे कोणालाच माहीत नाही. आणि त्या सहीशिवाय मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जांना कॉलेजची मंजुरी जात नाही.

म्हणून जुलैपासूनच्या प्रत्येक किश्शात काउंटरच्या पलीकडे एक मुलगी उभी आहे, असं समजा. तिचं नाव मंजुळा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, गाव दाभोसा. रोज जीपने यायची. जीप भरली की सुटणार, त्यामुळे पहिला तास तिला क्वचितच मिळायचा. घरी बापाने साफ सांगितलं होतं, “होस्टेल भेटला तं शिक. नाय तं दिवाळीमागून आमच्यासंगं भट्टीवर चल.” म्हणजे वसईकडे, विटा थापायला. अर्ज तसे दहा होते, पण रोज येऊन “सर, माझा फॉर्म गेला का?” असं विचारणारी ती एकटीच.

*

पहिला किस्सा उद्घाटनाचा. सव्वीस जानेवारीला ‘संपूर्ण वायफाय परिसर’ असा गेटाएवढा बॅनर लागला. आदल्या दिवशी प्राचार्य पाहणीला निघाले आणि व्हरांड्यात भिंतीवरून गेलेल्या निळ्या लॅनच्या वायरी बघून थबकले.

“हे काय? पाहुण्यांना वायरी दिसल्या तर वायफायची काय किंमत राहिली? काढा!”

मी म्हटलं, “सर, ऑफिसच्या डेस्कटॉपला नेट याच वायरीतून येतं. त्याच्यात वायफाय पकडणारी वस्तूच नाही.”

“माझ्या एवढ्याशा मोबाइलात आहे आणि एवढ्या मोठ्या यंत्रात नाही? असं कसं होईल?”

आमचे शिपाई काशिनाथमामा, साखरशेतचे. साहेबांनी ‘काढा’ म्हटलं की मामा खिळ्यासकट काढतात. तासाभरात भिंती मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फीत कापली, ऑफिसात आले आणि नेमकं त्याच डेस्कटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, “काहीतरी उघडून दाखवा बरं.”

मी क्लिक केलं. ‘इंटरनेट जोडलेले नाही.’

प्राचार्य जराही गडबडले नाहीत. “कालच बसवलंय ना, अजून रुळायचंय!”

पाहुण्यांनी मान डोलावली आणि टाळ्या झाल्या.

*

मग आम्ही ठाण्याच्या एजन्सीला फोन लावला. आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. टाकी मैदानाच्या त्या टोकाला, डेस्कटॉप या टोकाला. त्यामुळे मामा फोन घेऊन टाकीपाशी, मैदानात एनसीसीची चार पोरं अंतर राखून उभी, आणि मी मशीनपुढे. तिकडून इंजिनिअर बोलणार, मामा ओरडणार, पोरं पुढे ढकलणार.

“बंद करून चालू करा!” आलं. केलं.

“उजवीकडे खाली काय दिसतंय?” आलं. मी म्हटलं, लाल फुली. फुली मैदान ओलांडून टाकीपर्यंत गेली.

असं पाऊण तास चाललं. पोरांचे घसे बसले. शेवटी इंजिनिअर म्हणाला, “फोनवर असं नाही कळणार. मी इथून रिमोटने तुमचा पीसी उघडून बघतो. तुम्ही फक्त एवढं करा, आधी तो इंटरनेटला जोडा.”

पोरांपैकी शेवटच्याने निरोप सांगितला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

*

पासवर्डचं तर काय सांगू! आमचे हेडक्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, त्यांनी पासवर्ड टाइप करून वर ‘गोपनीय’ लिहिलं, जावक क्रमांक घातला, सगळ्या स्टाफच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत नियमाप्रमाणे नोटीस बोर्डावर लावली.

आठवड्यात कंपाउंडच्या भिंतीवर गावातली पोरं ओळीने बसायला लागली. मागच्या माळावर गुरं चारणारा म्हातारा क्रिकेट बघायला लागला. शिरपामाळ बघून परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यासुद्धा आमच्या गेटाशी थांबून फोटो पाठवायच्या. सगळ्या जव्हारात एकच प्राणी वायफायवाचून होता, तो म्हणजे भाऊसाहेबांच्या पुढ्यातला डेस्कटॉप.

भाऊसाहेब खिडकीतून भिंतीवरच्या पोरांकडे बघून मला म्हणाले, “त्यांचं चालतं, आपलं चालत नाही. तुमच्या देखभालीतच काहीतरी कमी आहे.”

*

जुलैत वसतिगृहाचे अर्ज सुरू झाले. मंजुळाने पहिल्याच दिवशी अर्ज दिला. त्यामुळे झालं काय, तो गठ्ठ्यात सगळ्यात खाली गेला. नंतर आलेले नऊ त्याच्यावर बसले.

माझ्या डोक्यात एक युक्ती होती. माझा मोबाइल वायफायला जोडायचा आणि मोबाइल चार्जिंगच्या वायरीने डेस्कटॉपला. मोबाइलातून नेट आत जातं. भाऊसाहेब चहाला गेल्याचं बघून मी ते केलं. वेबसाइट उघडली! मंजुळा काउंटरवरून ओणवी होऊन बघत होती. तिचा अर्ज खालून काढून मी अर्धा भरलाही.

तेवढ्यात भाऊसाहेब परत आले. त्यांनी मोबाइल पाहिला, वायर पाहिली आणि विंचू दिसल्यासारखे मागे सरले.

“ही कोणाची वस्तू?”

“माझी.”

“सरकारी यंत्राला खासगी वस्तू? याच्यावर नंबर आहे का?”

त्यांनी वायर उपटली आणि संध्याकाळी मला मेमो दिला. ‘खासगी उपकरण कार्यालयीन यंत्रास जोडल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये?’ मी माफी लिहून दिली. का नाही देणार? ऑर्डर संपायला दोन महिने राहिले होते. पण माफी लिहिताना मंजुळा समोर होती आणि मला मान वर करून बघवेना, हे खरं आहे.

मंजुळाने भाऊसाहेबांना विचारलं, “सर, मंग माझा फॉर्म?”

“नियमाने जाईल,” भाऊसाहेब म्हणाले.

*

हे नंबराचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. ऑफिसात प्रत्येक वस्तूची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करायची आणि तोच नंबर पांढऱ्या ऑइलपेंटने त्या वस्तूवर घालायचा, अशी रीत आहे. खुर्ची, कपाट, घंटा, घंटेचा हातोडा, सगळ्यांवर नंबर. भाऊसाहेब माणूस वाईट नाही. एका तपासणीत एक स्टूल कमी भरलं होतं, त्याचा खुलासा त्यांनी दीड वर्ष केला. तेव्हापासून नंबर नसलेल्या वस्तूकडे ते संशयानेच बघतात.

फेब्रुवारीत मी वायफायच्या डोंगलसाठी अर्ज केला होता. अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू. डेस्कटॉपला मागून खोचली की काम झालं. तो अर्ज खरेदी समितीतून फिरून फिरून ऑगस्टमध्ये फळाला आला. डोंगल आला! मी हात पुढे केला. भाऊसाहेबांनी तो मुठीत धरला.

“आधी नंबर.”

मामांकडे ब्रश एकच, बाकांना रंग देतात तो. दुसऱ्या दिवशी मामांनी डोंगल माझ्या तळहातावर ठेवला. पांढराशुभ्र. आत जायचं तोंडसुद्धा रंगाने भरलेलं.

“एका अंगाला आकडा मावना सर,” मामा म्हणाले, “म्हणून पलीकडून पण घातला.”

मी ब्लेडने खरवडलं, थिनरने पुसलं. थिनरने रंग गेला आणि प्लास्टिकही गेलं. भाऊसाहेबांना दाखवायला नेलं तर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून उरलेला आकडा वाचला, नोंदवही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सुस्थितीत’.

*

आता माझा स्वतःचा पराक्रम. दुसऱ्यांची टर उडवतोय, तर हाही सांगितलाच पाहिजे.

ऑगस्टच्या मध्यावर तपासणी समिती येणार म्हणून पत्र आलं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वायफाय दिसलं पाहिजे.”

“सर, लागत नाही.”

“लागलं पाहिजे असं मी म्हटलं का? दिसलं पाहिजे.”

मी लॅबमधल्या लॅपटॉपवर वायफाय लावून वसतिगृहाची वेबसाइट उघडली. कोपऱ्यात वायफायची भरलेली खूण होती. सगळ्या स्क्रीनचा फोटो काढला, पेनड्राइव्हने आणला आणि डेस्कटॉपला वॉलपेपर म्हणून लावला. खालची खरी पट्टी लपवली. पेनड्राइव्हवर नंबर होता, त्यामुळे भाऊसाहेबांची हरकत नव्हती.

समितीतले एक सर मशीनपुढे बसले. ‘अर्ज भरा’ वर क्लिक केलं. काही नाही. परत केलं. काही नाही.

ते सर मागे वळून म्हणाले, “स्लो आहे.” आणि कागदावर खूण करत पुटपुटले, “पण आहे!”

समिती जेवायला गेली. मी घाम पुसतोय तर काउंटरवर मंजुळा! धापा टाकत आलेली, हातात तिची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळे दाखले. तिने खिडकीतून स्क्रीन पाहिला होता, आणि आल्या आल्या दाखले काउंटरवर मांडलेही.

“सर, नेट आला ना? आता माझा फॉर्म करा.”

“नाही आलं, मंजुळा.”

“हे काय मंग? दिसतंय ना.”

“तो फोटो आहे.”

“कसला?”

“इंटरनेटचा.”

मग तिने दाखले एकेक करून परत पिशवीत भरले. मला लाज वाटली. अजून वाटते. तो वॉलपेपर मात्र तसाच राहिला, कारण काढायचा आदेश कोणी दिला नाही.

*

आणि मग शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला वेबसाइट बंद होणार. प्राचार्य ठाण्याला ‘कागदविरहित कार्यालय’ या कार्यशाळेला गेले होते, तीन फायली काखोटीला मारून. केबिनची किल्ली मामांकडे आणि डिजिटल सहीचा पिन भाऊसाहेबांकडे होता.

तीन वाजता मी भाऊसाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. “मी मोबाइल जोडतो. मेमो उद्या द्या, नाहीतर आत्ता द्या. पोरीचं वर्ष जाईल.”

भाऊसाहेबांनी मान वर केली. मला वाटलं, आता भडकणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, “मला काय कळत नाही होय? पण पिन माझ्या हाताने पडणार. नंबर असलेली वस्तू आणा. जोडा. मी लगेच पिन टाकतो.”

“नंबर असलेली कुठून आणू? डोंगल तर तुम्ही...”

माझं वाक्य तोडून त्यांनी नोंदवही ओढली आणि बोट फिरवत वाचायला लागले. उपकार करत होते की छळत होते, कळेना. “राउटर, चालू. डोंगल, सुस्थितीत. लॅन वायर, निळी, लांब, नग सहा, नंबर एकतीस ते छत्तीस. यातली एक आणा ना! निर्लेखित कुठं केल्यात? कागदोपत्री अजून वापरात आहेत.”

आम्ही दोघांनी मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं.

“मामा, वायरी कुठे ठेवल्यात?”

“ठेवल्यात म्हंजे... ज्यानं मागली त्याला दिली. दोन आमच्या साखरशेतात कुंपणाला हायेत. तोडून, गाठी मारून. बाकीच्या कुणी कुणी नेल्या, आता ध्यानात नाय.”

“सर,” काउंटरवरून मंजुळा म्हणाली, “निळी का? टोकाला काचंवानी चकाकतंय? पांढरा आकडा घातलेला?”

“हो! तू कुठं बघितलीस?”

“आमच्या जीपच्या टपावर. रोज बघते. तिनंच सामान बांधतात. चौतीस आकडा हाय.”

दाभोशाची जीप चारच्या सुमाराला भरून सुटते. आम्ही तिघं पळालो. मी, मंजुळा आणि पायात चप्पल न घालता मामा. जीप भरली होती, टपावर गोण्या रचून झाल्या होत्या आणि त्यांच्याभोवती आमची चौतीस नंबरची वायर, गाठ मारून, दोन्ही टोकं शाबूत!

ड्रायव्हर ऐकेना. “वायर नेल्यावर गोण्या कशानं बांधू? घाटात खाली येतील ना! आन मामांनी दिलेली हाय मला, चोरलेली नाय.”

मामा तसेच उलटे पळाले. परत आले तेव्हा खांद्यावर बॅनर होता. ‘संपूर्ण वायफाय परिसर’, गेटाएवढा, चार कोपऱ्यांना दोऱ्यांसकट. बॅनर खपाऊ वस्तूंत धरलेला, त्याला नंबर नाही. मंजुळाने टपावर चढून गाठ सोडली, मामांनी बॅनर गोण्यांवर ताणून बांधला. ड्रायव्हर खूश! पावसाचीही सोय झाली. जीप घाटाकडे गेली ती टपावर अक्षरं घेऊनच, आणि अजून तशीच फिरते. मंजुळा मात्र खालीच राहिली. घरी कशी जाणार, ते तिनेही विचारलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही.

सव्वाचार. व्हरांड्यातून वायर टाकली. एक टोक डेस्कटॉपला, दुसरं प्राचार्यांच्या केबिनमधल्या राउटरला. दिवा लागेना. राउटरकडच्या टोकाची क्लिप टपावरच मोडली होती, खोचली की सुटायची. मामा राउटरपुढे ओणवे झाले आणि त्यांनी अंगठ्याने ती दाबून धरली. हिरवा दिवा लागला!

“मामा, सोडू नका!” मी इकडून ओरडलो.

“सोडत नाय! पण बेगीन करा!”

भाऊसाहेबांनी आधी वायरीवरचा चौतीस वाचला, नोंदवहीशी ताडून पाहिला, मग चष्मा सारखा केला आणि पिन टाकला. गठ्ठा वरून सुरू करायचा, हा त्यांचा नियम. पहिला अर्ज गेला. दुसरा गेला. प्रत्येक अर्जाला तीन-चार मिनिटं. पाचव्याला मामांचा अंगठा घसरला, सगळं परत उघडावं लागलं. मंजुळा आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. काउंटर ओलांडून ती पहिल्यांदाच आत आली होती आणि भाऊसाहेब काही बोलले नाहीत.

पाचला चार मिनिटं कमी असताना गठ्ठ्यातला शेवटचा अर्ज हातात आला. नाव, गाव, दाखले. घाईत भाऊसाहेबांचा पिन चुकला. परत टाकला. केबिनमधून मामांचा कण्हण्याचा आवाज येत होता. चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि स्क्रीनवर हिरव्या पट्टीत अक्षरं आली. ‘आपला अर्ज यशस्वीरीत्या पाठविण्यात आला आहे.’

गेला! मी खुर्चीतून उठून ओरडलोच. भाऊसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मामा केबिनमधून अंगठा चोखत बाहेर आले.

मंजुळा तेवढी हलली नव्हती. ती पुढे झाली, स्क्रीनजवळ तोंड नेऊन ती हिरवी पट्टी तिने नीट वाचली, मग माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, “सर, हा पण फोटोच नाय ना?”